डफडं थांबल्यावर

देऊळघाटच्या कोकिळाबाईंना कुणी "घोडा कसा आहे तुमचा?" असं विचारलं, की त्या आधी विचारणाऱ्याला बसायला लावत. उभ्या उभ्या सांगून टाकावी अशी ती गोष्टच नव्हती. चहा ठेवला जाई आणि चहाला उकळी फुटायच्या आत ठुमक्याचं चरित्र सुरू होई. त्यांचे यजमान उत्तमराव अशा वेळी हळूच चपला सरकवून वावराकडे निघून जात. पोटच्या लेकीच्या जन्माची गोष्टही आपल्या बायकोने इतक्या तपशिलाने कधी सांगितली नाही, असं ते म्हणत, आणि त्यात काही खोटं नव्हतं.

चरित्र असं की, उत्तमरावांना म्हातारपणी घोड्याची हौस आली. वावर भरपूर, विहिरीला पाणी, एकुलती एक लेक सुचिता पुण्याला नोकरीला. माणसाने करावं तरी काय? त्यांनी माळेगावच्या जत्रेतून एक गाभण घोडी आणली. घोडी व्याली, शिंगरू धडपडत उभं राहायला शिकत होतं, तेवढ्यात घोडीच गेली. उत्तमराव ओट्यावर डोकं धरून बसले. "हे काही जगत नाही आता," म्हणाले. झालं! नवरा नाही म्हणाला की कोकिळाबाईंच्या अंगात बळ येई. त्यांनी गाईचं दूध पातळ केलं, सुचिताच्या लहानपणची बाटली माळ्यावरून शोधून काढली, आणि स्वयंपाकघराच्या दाराशी गोणपाटावर बसून त्या शिंगराला पाजायला लागल्या. महिनाभर त्या धड झोपल्या नाहीत. शिंगरू जगलं.

जगलं म्हटल्यावर मात्र बाईंचा हात सुटला. भिजवलेले हरभरे, गूळ, जवस, तूप चोपडलेली पोळी, आणि गावात कुणाची गाय व्याली तर तिचा खरवसही. वाडगं रिकामं दिसलं की त्यांना कसंसंच होई. ज्याने आईचं दूध पाहिलं नाही त्याला कशाचीच कमी पडू द्यायची नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. शिंगरूही असं सरसर वाढलं की वर्षाचं व्हायच्या आत लोक त्याला दोन वर्षांचा घोडा समजायला लागले. रंग मधासारखा, आणि कानांची टोकं एकमेकांना टेकणारी.

आणि मग तो नाचायला लागला.

म्हणजे काय, तर चालताना त्याचा मागचा भाग एकदा या अंगाला जाई, एकदा त्या अंगाला. वळताना मागचा पाय बाहेरून गोल फिरवून टाकी. पहिल्यांदा हे पाहिलं मोतीरामने. मोतीराम गावच्या लग्नांत डफडं वाजवायचा. त्याच्या बापाने म्हणे पंचक्रोशीतल्या घोड्या नाचवल्या होत्या. तो तोंडाचा आ करून बघतच राहिला.

"वैनी, हे तं पोटातूनच शिकून आलं ना! आमच्या बुढ्याले एका घोडीले असा ठुमका शिकवाले दोन वर्सं लागले होते."

त्याच दिवशी शिंगराचं नाव ठुमक्या पडलं. मोतीराम दर दोन-चार दिवसांनी डफडं घेऊन येऊ लागला. अंगणात गर्दी जमे. डफडं वाजे, ठुमक्या चाले, मागचा भाग डोले, आणि बायका तोंडाला पदर लावून हसत. पोळ्याला तर बैल राहिले बाजूला आणि अख्खं गाव ठुमक्याभोवती गोळा झालं. त्या गर्दीतच कोकिळाबाईंनी सांगून टाकलं की सुचिताचा नवरदेव ह्याच घोड्यावरून मारुतीच्या पाया पडायला जाईल. सुचिताचं लग्न तेव्हा ठरलेलंही नव्हतं.

ठुमक्या मधूनमधून पडायचा. एकदा हौदापाशी वळताना स्वतःच्याच पायावर पाय देऊन कोसळला. "मस्ती आली त्याले," उत्तमराव म्हणाले. मागच्या खुरांची टोकं झिजून सपाट झाली होती. "नाचून नाचून झिजले," मोतीराम म्हणाला. कधी तो मागचे पाय एकमेकांत अडकवून तसाच उभा राहायचा आणि सोडवायचं त्याला सुचायचंच नाही. "पाहा कसा ऐटीत उभा हाय," कोकिळाबाई म्हणाल्या. घरात कौतुक इतकं होतं की शंकेला बसायला जागाच नव्हती.

पुढच्या वर्षी श्रावण सरत आला तेव्हा बुलढाण्याहून सारिका मॅडम आल्या. त्या जनावरांच्या डॉक्टर. वयाने तिशीच्या आतबाहेर, बोलणं मोजकं. गाईंना लस टोचायला आलेल्या. पण कोकिळाबाई त्यांना असं कसं जाऊ देतील? त्यांनी मोतीरामला बोलावणं धाडलं, ठुमक्याला अंगणात आणलं, आणि मॅडमला खुर्ची दिली.

डफडं सुरू झालं. ठुमक्या चालला, डोलला, वळला. कोकिळाबाई घोड्याकडे बघतच नव्हत्या, त्या मॅडमच्या तोंडाकडे बघत होत्या. आता हसतील, मग हसतील. मॅडम हसल्या नाहीत. त्या खुर्चीवरून उठल्या.

"काका, डफडं थांबवा जरा."

मोतीरामने हात आखडला. अंगणात एकदम शांत झालं. उत्तमराव दोर धरून ठुमक्याला पुढे चालवत राहिले, आणि ठुमक्या तसाच डोलत राहिला. एकदा या अंगाला, एकदा त्या अंगाला. ताल नव्हता, काही नव्हतं. कोकिळाबाईंनी जन्मभरात पुष्कळ वाईट गोष्टी पाहिल्या होत्या, पण त्या शांततेतलं ते डोलणं त्यांना सगळ्यात वाईट वाटलं.

मॅडम मागून गेल्या. घोडा चालत असतानाच त्यांनी त्याचं शेपूट धरून एका बाजूला हलकेच ओढलं. एवढा थोरला घोडा, पण तो भेलकांडत त्या काटकुळ्या बाईकडे झुकत गेला.

"निरोगी घोडा मला ओढून नेईल," मॅडम म्हणाल्या. "हा नाच नाही, काकी. ह्याचे मागचे पाय कुठे पडतात ते ह्याला कळतच नाही."

"पायाले काय झालं?" कोकिळाबाईंनी विचारलं.

"पायाला काहीच नाही. मानेत आहे." मॅडमनी घोड्याच्या मानेवरून हात फिरवला. मणक्यांच्या आतून मज्जारज्जू जातो, तो कुठेतरी दाबला जात असावा. मान हलली की मणके एकमेकांवर सरकतात आणि दाब पडतो. पायांना निरोप पोचतो तो अर्धामुर्धा.

"ठिबकच्या नळीवर पाय पडला तं शेवटच्या झाडाले पानी जात नाही, तसं?" उत्तमरावांनी विचारलं.

"अगदी तसंच."

मोतीराम डफडं उचलून निघून गेला. दुखण्यालाच आपण टाळ्या पिटल्या, हे ज्याला त्याला आपापलं कळलं होतं आणि कुणाला कुणाकडे बघवत नव्हतं.

पुण्याकडे शर्यतीच्या घोड्यांचा एक दवाखाना होता, तिथे मानेचं ऑपरेशन करणारे एक सर्जन असल्याचं मॅडमनी सांगितलं. सुचिताने फोनवर फोन करून दिवस ठरवला. टेम्पोत गवताच्या जाड थरावर ठुमक्याला उभं केलं, दोन्ही बाजूंनी गाद्या लावल्या, आणि कोकिळाबाई ड्रायव्हरशेजारी न बसता मागे घोड्याशेजारी बसल्या. उत्तमरावांनी बोलून पाहिलं, मग स्वतःही मागेच चढले.

पुण्याचे सर्जन उंच, शांत, पांढऱ्या मिशांचे गृहस्थ होते. त्यांनी ठुमक्याला भूल देऊन मानेचे फोटो काढले, पाठीच्या कण्यात रंगाचं औषध सोडून पुन्हा काढले, आणि दुपारी दोघांना आत बोलावलं. काचेवर लावलेल्या फोटोत पांढरी रेघ मानेच्या मध्यावर एका जागी बारीक होऊन जवळजवळ तुटली होती. तेवढं कोकिळाबाईंनाही दिसलं.

"खायला काय काय देता त्याला?" सर्जननी विचारलं.

हा प्रश्न कोकिळाबाईंना नेहमीच आवडायचा. त्यांनी सवयीने सुरुवात केली: हरभरे, गूळ, जवस, तूप. तुपापाशी आल्यावर त्यांच्या लक्षात आलं की डॉक्टर मान डोलवत नाहीत आणि उत्तमराव फरशीकडे बघताहेत.

"काऊन? काही चुकलं काय?"

सर्जननी जपून सांगितलं. काही रक्तातून येतं, काही कुणालाच कळत नाही. पण शिंगरू फार झपाट्याने वाढलं, फार दमदार खुराक मिळाला, तर हाडं वेडीवाकडी भरतात. हेही एक कारण असतं. एकच कारण असं म्हणता येणार नाही.

शेवटचं वाक्य कोकिळाबाईंना ऐकूच आलं नाही. त्या बाहेर बाकावर जाऊन बसल्या. उत्तमराव शेजारी येऊन बसले. त्या म्हणाल्या, "म्या माह्या हातानं..."

"तू तुह्या हातानं जगवलं त्याले," उत्तमरावांनी त्यांना वाक्य पुरं करू दिलं नाही. "म्या तं त्याले त्याच दिवशी सोडून देल्लं होतं. तू नसती तं कायची मान अन् कायचं ऑपरेशन." एवढं बोलून ते दुसरीकडे बघायला लागले, कारण चारचौघांत बायकोचा हात धरायची त्यांना सवय नव्हती. हात मात्र त्यांनी धरला होता.

सर्जननी काही लपवलं नाही. असंच ठेवलं तर घोडा पडत राहील आणि एक दिवस कुणाच्या तरी अंगावर पडेल. ते नको असेल तर इंजेक्शन देऊन त्याला कायमचं झोपवावं लागेल. तिसरा रस्ता ऑपरेशनचा. गळ्याच्या बाजूने मान उघडायची, श्वासनळी बाजूला सारायची, ज्या दोन मणक्यांमध्ये दाब पडतो त्यांच्या मधोमध भोक पाडून धातूची एक पोकळ जाळीदार डबी बसवायची, आत त्याच्याच हाडाचा भुगा भरायचा. काही महिन्यांनी दोन मणके जुळून एक होतात. मग तिथे सरकणं नाही, दाब नाही. पण काही घोडे टेबलावरच जातात, काही भुलीतून उठताना पाय मोडून घेतात.

"आणि उठला तरी," ते म्हणाले, "ह्याच्यावर कुणाला बसवायचं नाही. बरा दिसला तरी नाही. नाचवायचं तर अजिबातच नाही."

उत्तमराव विचारात पडले. "म्हंजे बसाचं नाही, नाचवाचं नाही. मंग घोडा करन तरी काय?"

"हिंडन," कोकिळाबाई म्हणाल्या. "आपल्या वावरात हिंडन. अवो, सुचिता काही काम करन म्हणून पैदा केली होती काय आपण?"

सर्जननी पहिल्यांदा मिशीत हसून कागद पुढे सरकवला. उत्तमरावांनी सही केली.

ऑपरेशन सकाळी झालं. दाराच्या काचेतून कोकिळाबाईंना क्षणभरच दिसलं: ठुमक्या पाठीवर उताणा, चारी पाय वर, गळा भादरलेला. ज्या गळ्याखाली हात धरून त्यांनी बाटलीने दूध पाजलं होतं तोच गळा. मग दार लागलं. सुचिता ऑफिसमधून रजा टाकून आली होती. ती आईला चहा आणून देई, आणि आई तो हातात धरून गार करी.

खरी परीक्षा उठण्याची होती. भिंतींना गाद्या लावलेल्या खोलीत ठुमक्याला आणून निजवलं होतं. वरच्या खिडकीतून बघायची परवानगी मिळाली, पण एका अटीवर.

"आवाज करायचा नाही," सर्जननी बजावलं. "तुमचा आवाज ओळखून तो घाईने उठायला जाईल आणि पडेल. त्याला त्याच्या वेळेने उठू द्या."

कोकिळाबाईंनी आजवर त्या घोड्याला हाक मारल्याशिवाय एक काम केलं नव्हतं. आता त्या तोंडात पदराचा बोळा कोंबून खिडकीशी उभ्या राहिल्या. ठुमक्याने डोकं उचललं आणि टाकलं. पुन्हा उचललं. पुढचे पाय टेकले, मागचे सरकले, धप्पकन पडला. कोकिळाबाईंनी डोळे मिटले नाहीत. डोक्याला आणि शेपटीला बांधलेले दोर बाहेरून माणसांनी ताणून धरले होते. पुन्हा पुढचे पाय. मागचे थरथरले, फाकले, सावरले. आणि तो उभा होता. घामाने निथळत, मान खाली घालून, पण चार पायांवर उभा.

कोकिळाबाईंनी पदर तोंडातून काढला तेव्हा तो फाटला होता.

घरी आल्यावर जे सुरू झालं ते ऑपरेशनपेक्षा कठीण होतं. ठुमक्याला गोठ्यातल्या एका लहानशा चौकोनात बांधून ठेवायचं, गवत छातीच्या उंचीवर टांगायचं म्हणजे मान खाली वाकणार नाही, आणि खुराक बंद. नुसतं गवत, आणि वरून मीठ-खनिजाची चिमूट. हरभरा नाही, गूळ नाही, तुपाचं तर नावच नाही. हरभऱ्याची पाटी दिसली की ठुमक्या फुरफुरायचा, बादलीला तोंडाने ठोसे मारायचा. कोकिळाबाई त्याच्याकडे पाठ करून उभ्या राहत. शेजारणी बोलत, "काकी, घोड्याले उपाशी मारून राह्यल्या काय?" एरवी कोकिळाबाईंनी असल्या बोलण्याला जागच्या जागी उत्तर दिलं असतं. आता त्या गप्प बसत. ज्याला भरवायला जीव तुटतो त्याला न भरवणं हेच त्यांच्या वाट्याला आलं होतं, आणि ते त्यांनी एक दिवसही चुकवलं नाही.

मोतीराम कितीतरी दिवस फिरकला नाही. आला तेव्हा डफडं घरी ठेवून आला.

"वैनी, म्या त्याच्या दुखण्यावर ताल धरला."

"दुखत नव्हतं त्याले. मॅडमनं सांगतलं मले." मॅडमनी खरंच तसं सांगितलं होतं, पण मोतीरामला तेवढ्याने पटेना. फिरवायची परवानगी मिळाल्यावर रोज सकाळी तोच येऊ लागला. दोर धरून, बिनतालाचा, हळूहळू तो ठुमक्याला अंगणातून बांधापर्यंत आणि बांधापासून अंगणापर्यंत नेई. दिवाळीपर्यंत फारसा फरक नव्हता. संक्रांतीच्या सुमारास सारिका मॅडमनी शेपूट ओढून पाहिलं आणि त्या स्वतःच दोन पावलं पुढे खेचल्या गेल्या. पण मोकळ्यावर, गर्दीत, आवाजात तो कसा चालेल, हे त्यांनाही सांगता येईना.

उन्हाळ्यात सुचिताचं लग्न निघालं. पोळ्याच्या गर्दीतला तो शब्द कुणी विसरलं नव्हतं, पण नवरदेव मेहकरहून मागवलेल्या भाड्याच्या पांढऱ्या घोडीवर आला आणि कोकिळाबाईंनी त्याचं काही वाटून घेतलं नाही. मांडवात पाहुणे जमले तशी जुनी मागणी निघाली. बीबी गावाहून आलेले सुचिताचे मामा उठून उभेच राहिले.

"ताई, घोडा दाखव ना! अन् मोतीराम, तू कायले मुका बसला बे? वाजव!"

मोतीरामने कोकिळाबाईंकडे पाहिलं. उत्तमराव नको नको म्हणत मान हलवत होते. कोकिळाबाईंनी स्वतः ठुमक्याला सोडून आणलं, अंगणाच्या त्या टोकाला उत्तमरावांच्या हातात दोर दिला, आणि या टोकाला येऊन उभ्या राहिल्या. त्यांनाही बघायचंच होतं. किती दिवस भीत राहायचं?

"वाजव," त्या म्हणाल्या.

डफड्यावर पहिली थाप पडली. पाहुणे सरसावले, मोबाइल वर झाले. ठुमक्याने कान टवकारले. टोकांना टोकं टेकली. मग त्याला समोर कोकिळाबाई दिसल्या आणि तो निघाला. डफडं घुमत होतं आणि तो नुसता चालत होता. पुढचा खूर उचलला की त्या जागी मागचा खूर पडत होता. किंचित जड, किंचित जपून, पण सरळ. अंगणाच्या या टोकापर्यंत तो सरळ आला आणि बाईंच्या भरजरी पदरात तोंड खुपसून उभा राहिला.

"हे तं नाचतच नाही," गर्दीतली एक बाई हिरमुसून म्हणाली.

"नाही नाचला!" कोकिळाबाई ओरडल्या. त्या हसत होत्या आणि डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. "पाह्यलं काय हो? नाही नाचला माहा ठुमक्या! अजिबात नाही नाचला!"

पाहुण्यांना काही उलगडेना. नवरीच्या आईला रडू येतं हे ठीक, पण ते पाठवणीला, घोड्यापाशी नव्हे. मोतीराम डफडं खाली ठेवून उपरण्याने तोंड पुसत होता. मांडवातून मुंडावळ्या सावरत सुचिता म्हणाली, "आई, माह्यासाठी राहू दे थोडंसं!" आणि तीही रडायला लागली.

पाहुण्यांमध्ये सारिका मॅडम होत्या. कोकिळाबाईंनी डोळे पुसत त्यांच्याकडे पाहिलं. मॅडमना न विचारताच कळलं.

"एक मूठ," त्या म्हणाल्या. "एकच हं, काकी."

नवरीची आई लग्नाचं सगळं टाकून स्वयंपाकघरात धावली आणि भिजवलेल्या हरभऱ्यांची मूठ घेऊन आली. ठुमक्याने ते तळहातावरून टिपून खाल्ले, मग हात चाटला, मग दुसऱ्या हाताकडे तोंड नेलं. कोकिळाबाईंनी दुसरा हात उघडून दाखवला. तो रिकामा होता.